देवीच्या माहेरी जायची यादी

६ मार्च, मंगळवार

यादी माझ्या गळ्यात पडली. म्हणे माझं अक्षर चांगलं! पंचेचाळीस वर्षांपूर्वी शाळेत अक्षराचं बक्षीस मिळालं, त्याची शिक्षा अजून भोगते आहे.

देवळाच्या बैठकीत ठरलं — आपली देवी माझू आई एप्रिलमध्ये चीनच्या मेइझोऊ बेटावर जाणार. तिच्या माहेरी. नऊ वर्षांनी. त्या बेटावर ती हजार वर्षांपूर्वी जन्मली, तिथल्या देवळातली धुपाची राख घेऊन आपले पूर्वज होडीतून इकडे ताइवानला आले, वगैरे तिंग काकांनी सगळं पुन्हा सांगितलं. तिंग काका देवळाचे प्रमुख. बोलायला उभे राहिले की चहा गार होतो.

चियायीहून विमानानं किनमेन. तिथून बोटीनं श्यामेन. मग बस, मग परत बोट. मूर्तीला वेगळं तिकीट, कारण देवीला सामानात टाकता येत नाही. काका म्हणाले, "आईला खिडकीची जागा." मागून कोणीतरी म्हणालं, "समुद्राची देवी ती. जन्मभर पाणीच बघतेय. तिला आत बसवा, जरा माणसं बघू दे." यावर अर्धा तास गेला.

घरी येऊन तीन टोपल्या कालवं फोडली. बोटं सुजली आहेत.


८ मार्च, गुरुवार

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव घातलंस ना?"

मला वाटलं दवाखान्याच्या नंबराबद्दल बोलताहेत. म्हटलं, कुठे?

"मेइझोऊला. देवी माहेरी निघाली आहे. बाई माहेरी जाते तेव्हा बरोबर घरची एक बाई लागते. बापयांना काय कळतं."

शुई-त्यान, म्हणजे माझा नवरा, ताटातून मान वर न काढता म्हणाला, "घाल की नाव." घाल की! त्याला कालवांचे तराफे आहेत, तो येणार नाही. चाकांची खुर्ची ढकलणार कोण, रात्री तीनदा उठवणार कोणाला, अंघोळ कोण घालणार, हे त्याच्या ताटात नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे गेले. कंबरेत धरून उचललं तर चार पावलं टाकतात. डोकं मात्र माझ्यापेक्षा चालतं.

तीस वर्षं पहाटे देवळाचं अंगण झाडलं त्यांनी. पाय गेले तेव्हाच केरसुणी सोडली. देवीकडे काही मागितल्याचं मी कधी ऐकलं नाही. आणि आता हे. नाही तरी कसं म्हणायचं?


९ मार्च

नाव घातलं. सतरावं. पेन्सिलीनं.


१३ मार्च, मंगळवार

बैठक. देवाचे आभार, लहान होती.

नवा नियम झाला. ऐंशीच्या पुढच्या प्रत्येकानं देवीचा कौल घ्यायचा. गेल्या खेपेला एक आजोबा वाटेत आजारी पडले, अर्धी मंडळी दवाखान्यात बसून राहिली, बेट दुरूनच पाहिलं. तेव्हा आता जबाबदारी देवीवर.

काकांनी कौलाची रीतही समजावून सांगितली, जशी काही आम्ही काल जन्मलो. आपलं नाव सांगायचं, जन्मतारीख सांगायची, पत्ता सांगायचा, म्हणजे देवीला माणूस नीट कळतो. मग प्रश्न. मग चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी कोरी, एका बाजूनं सपाट, जमिनीवर टाकायच्या. एक उताणी एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या तर नाही. दोन्ही उताण्या तर देवी हसली — म्हणजे प्रश्नच धड नाही, परत विचारा. जायला परवानगी हवी तर लागोपाठ तीन वेळा हो पडलं पाहिजे. आणि एकदा कौल मिळाला की तोच प्रश्न परत विचारायचा नाही.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग तू लाव माझ्या वतीनं. गुडघे टेकल्याशिवाय मी कौल लावणार नाही, आणि टेकले तर मला उठवायला क्रेन आणावी लागेल."

हसलो दोघी. बऱ्याच दिवसांनी.


१५ मार्च, गुरुवार

चीनला जायच्या परवान्यासाठी सासूबाईंना फोटो काढायला नेलं. रिक्षासारखी एक गाडी मागवली, तिच्यात खुर्ची मावेना. घडी घालताना माझं बोट चेमटलं. सासूबाई निळा झगा घालून, केसांना तेल लावून बसलेल्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, हसायचं नाही, सरकारी फोटो आहे." त्या म्हणाल्या, "मग लवकर काढ. मला सारखं हसू येतंय."

वाटेत एकदम म्हणाल्या, "बी-श्या, माहेरी गेल्यावर आधी काय करतात गं?"

मी म्हटलं, काही नाही. पाणी पितात. झोपतात.

"एवढंच?"

अकरा महिन्यांच्या असताना त्यांना या घरात आणून टाकलं. मुलगी वाढवायची आणि आपल्याच पोराला करून घ्यायची, असा तेव्हाचा व्यवहार. ज्याच्याबरोबर एका भांड्यातली पेज प्यायल्या, अठराव्या वर्षी त्याच्याशीच लग्न. नाव ठेवलं बाँग-ची — म्हणजे 'असू दे, वाढवू कशीतरी'. आई-बाप कोण, गाव कुठलं, कोणी सांगितलं नाही. ज्या दिवशी इथे आणलं तोच वाढदिवस धरतात. माहेर काय हे त्यांना खरंच माहीत नाही.

मला माहीत आहे, आणि माझा तरी काय उपयोग झाला? नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या ताइवानच्या लेकी माहेरी जातात. माझी नणंद शू-च्वान काओश्युंगहून नवरा-मुलांसकट इथे येते. मग तिला करून घालायला मी इथे. माझी आई होती तोवर मी महिन्याभरानं का होईना, कूकंगला, माझ्या माहेरी, जाऊन यायचे. आई जाऊन सात वर्षं झाली. सात वर्षांत त्या घरात एक रात्र झोपले नाही. भाऊ दर वर्षी फोन करतो, बांबूचे कोंब निघाले, ये. मी दर वर्षी म्हणते, बघते.

देवीला मात्र माहेरी पोचवायला त्रेचाळीस माणसं!


१८ मार्च, रविवार

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

मला एकटीला जायचं आहे. यादी करणारी म्हणून माझं नाव पहिल्या दिवसापासून नक्की आहे. सासूबाई घरी राहिल्या तर शू-च्वानला पाच दिवस येऊन राहावंच लागेल. मी बोटीत बसेन. मांडीवर दोन्ही हात ठेवून. हातात कोणाची कंबर नाही, चाकू नाही, चमचा नाही. बस. एवढंच पाहिजे. बेट दिसलं नाही तरी चालेल.

आज त्यांना उचलताना पाठीत कळ आली. ओरडले नाही, पण त्यांना कळलं. "सोड, मी बसते इथेच," म्हणाल्या. मोरीत? काहीतरीच.


२० मार्च, मंगळवार

सकाळी सातला देऊळ उघडं होतं, माणूस नव्हतं. गुडघे टेकले. सासूबाईंचं नाव सांगितलं, तारीख सांगितली, पत्ता सांगितला. विचारलं — बाँग-चीला तुझ्याबरोबर मेइझोऊला नेऊ का?

पहिल्यांदा हो.

दुसऱ्यांदा हो.

तिसऱ्यांदा एक कोर पालथी पडली, दुसरी गरगर फिरत राहिली. मी बघत राहिले, आणि मनात म्हणत होते, पालथी पड. पालथी पड. उताणी पडली. हो!

बराच वेळ तशीच बसले. देवी समोर, तिचा चेहरा नेहमीचाच. पाठ ठणकत होती. मग कोरी उचलून जागेवर ठेवल्या आणि घरी आले.

दारातच खुर्ची लावून बसल्या होत्या. केस विंचरलेले. "काय म्हणाली?"

आणि मी म्हटलं — नाही म्हणाली, आई. दोन्ही पालथ्या.

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा."

"एकदासुद्धा हसली नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या. "खुर्ची आत घे. ऊन लागतंय."

मी देवीच्या नावानं खोटं बोलले. हे वाक्य लिहून बघितलं.


२१ मार्च

सतरावं नाव खोडलं. पेन्सिलीचं होतं, सहज गेलं.


२३ मार्च, शुक्रवार

दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मला वाटलं रुसल्या. बरंच, असं वाटलं, रुसवा चार दिवसांत जातो.

आज कालवं फोडत बसले होते तर आतून हाक. कपाटाच्या खालच्या खणातली पेटी काढायला लावली. आत त्यांचे शेवटचे जायचे कपडे. स्वतः शिवून ठेवलेले, वीस वर्षांपूर्वी. म्हणाल्या, "बाहेर दोरीवर घाल. कुबट वास मारतोय. ऐन वेळी तसेच घालशील."

म्हटलं, हे काय आता?

"अगं, कळत नाही तुला? देवी कोणाला उगाच नाही म्हणत नाही. या वयाच्या माणसाला तीनदा नाही म्हणजे काय? माझे एप्रिलपर्यंतचे दिवसच नाहीत. वाटेत गेले तर तुमचे हाल, म्हणून थांबवलं तिनं. चांगलीच आहे ती."

शांतपणे. भाजी आणायला सांगावी तसं.

माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. देवीची शपथ, आलं नव्हतं! सगळ्या गावाच्या डोक्यात हेच पहिलं आलं असतं, माझ्याच आलं नाही. मला फक्त बोट दिसत होती.

कपडे दोरीवर घातले. वाऱ्यावर हलत होते. शुई-त्यान तराफ्यांवरून आला, बघितलं आणि चिखलाच्या बुटांसकट तसाच उभा राहिला.


२६ मार्च, सोमवार

गावात पसरलं. दोरीवरचे कपडे रस्त्यावरून दिसतात.

बायका भेटायला येऊ लागल्या. कोणी शेवया आणते, कोणी लाल पिठाची गोड कासवं, आयुष्य वाढावं म्हणून. सासूबाई सगळ्यांशी छान बोलतात. एकीला म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुझ्या सुनेला मी आळशी म्हटलं होतं. ती आहेच, पण मी म्हणायला नको होतं." परवान्याचा फोटो मोठा करून आणायला सांगितला. म्हणाल्या, त्यातच हसू बरं दाबलेलं आहे, देव्हाऱ्याच्या बाजूला शोभेल.

शू-च्वान रडत आली काओश्युंगहून. मला मिठी मारून म्हणाली, "वहिनी, तू कौल लावायला गेलीस तेव्हा तुझी काय अवस्था झाली असेल!"

मी स्वयंपाकघरात गेले. आलं किसत राहिले. गरजेपेक्षा जास्त किसलं.


२८ मार्च, बुधवार

अर्धी वाटी पेज. दुपारी काही नाही. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला काही झालेलं नाही, फक्त खात नाहीत. खायचं का, तर — "आता कशाला उगाच भांडी घाण करायची."

हाताला आज हलक्या लागल्या. उचलताना पाठीत कळ आली नाही. हेही लिहून ठेवते. मी अशी बाई आहे.


२९ मार्च

तिंग काका आले. सासूबाईंचा हात धरून म्हणाले, "तुझ्या नावानं तिथे धूप लावतो." त्या म्हणाल्या, "लाव. आणि तिच्या माहेरचं पाणी आण बाटलीतून. मला पुरलं तर पुरलं." काकांनी आज चहा गरम असतानाच संपवला.

जाताना दारात मला म्हणाले, "बी-श्या, तुझं नशीब मोठं. असा कौल घरी आणायला छाती लागते."


१ एप्रिल, रविवार

देवळात गेले. तोच प्रश्न परत विचारायचा नाही, हे माहीत आहे. मी वेगळा विचारला. माझं नाव, माझी तारीख, माझा पत्ता. मी खोटं बोलले हे आईंना सांगू का?

दोन्ही उताण्या. हसली.

परत विचारलं. हसली.

परत. हसली!

प्रश्नच धड नाही, दुसरं काय! हे काय देवीला विचारायचं असतं? शेजारी फुलं वाहणारी म्हातारी म्हणाली, "तुझ्यावर खूश दिसतेय गं आज." मी हो म्हटलं.


२ एप्रिल

सांगितलं नाही.


३ एप्रिल

आज सांगणार होते. शू-च्वान सारखी खोलीत.


५ एप्रिल, गुरुवार

पितरांचा दिवस. सगळे कबरीवर. सासूबाईंनी हट्टच धरला, शुई-त्याननं पाठीवर घेऊन चढवलं. गवत काढलं, मासा, फळं, दारूचा पेला मांडला. सासरे एकोणीस वर्षं तिथे आहेत. शेजारी त्यांची जागा आधीच घेऊन ठेवलेली. सिमेंटवर बसून सासूबाईंनी ती जागा हातानं झाडली. तीस वर्षं देवळाचं अंगण झाडलं तशीच, डावीकडून उजवीकडे.

शुई-त्यान आणि शू-च्वान राहिलेली फळं गाडीत ठेवायला खाली गेले. मग मात्र माझ्याच्यानं राहवेना.

म्हटलं, आई, देवी हो म्हणाली होती. तीनही वेळा. नाही मी म्हणाले.

त्यांनी हात थांबवला नाही. झाडत राहिल्या.

म्हटलं, मी दमले होते. मला एकटीला जायचं होतं. आणखी काही कारण नाही. दुसरं काही असतं तर सांगितलं असतं.

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. फार दिवस पाठीवर असलेलं पोतं खाली टाकावं तसं धपकन बसले नुसती.

खालून शुई-त्यान वर आला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तो मासा परत का नेतोयस? दे इकडे. भूक लागली आहे."

तिथेच, कबरीवर बसून, अर्धा मासा खाल्ला. माझ्याकडे बघितलं नाही.


६ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दोन वाट्या पेज, खारवलेलं अंडं. शू-च्वानला वाटतं बाबांच्या कबरीवर चमत्कार झाला.

आंघोळीला नेलं तेव्हा दोघीच होतो. पाठीवर पाणी घालत होते. त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं तुझ्या हातचं खाते. एकदा तोंडानं सांगायचंस, आई, मी दमले."

म्हटलं, सांगितलं असतं तर?

"तर मीच नाही म्हटलं असतं. पण मला विचारून. माझं मरण काढून नाही."

पाणी घालत राहिले.

"देवी मला हो म्हणाली. म्हणजे मी जाणार. शू-च्वान उचलेल मला, तिची पाठ अजून कोरी आहे. नाही तू म्हणालीस. ज्याचं नाही, त्यानं घरी बसावं."

"आई, यादी मी केली आहे. तिकिटं, परवाने, सगळं —"

"छान केलीस. अक्षर चांगलं आहे तुझं. आता मान पूस, पाणी कानात जातंय."


७ एप्रिल

माझं नाव खोडलं. शाईचं होतं. कागद फाटला.

त्या जागी शू-च्वान. सतरा नंबरला परत बाँग-ची. काकांना सांगितलं, कौल ऐकण्यात माझी चूक झाली. ते म्हणाले, "कौल ऐकतात कुठे, बघतात." मी म्हटलं, हो, बघण्यात. पुढे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे जरा वेळ बघितलं मात्र.


१० एप्रिल, मंगळवार

शुई-त्यानला सांगितलं. सगळं. तो जाळं शिवत होता. हातातला टाका पुरा करून म्हणाला, "दमलीस तर मला का नाही सांगितलंस?"

तुला! चौतीस वर्षं तू ताटातून मान वर काढली असतीस तर दिसलं नसतं?

हे मोठ्यानं म्हटलं. पहिल्यांदाच. त्यानं सुई खाली ठेवली. संध्याकाळी आईला त्यानं उचललं, मोरीत नेलं. दोघंही ओशाळले होते. आतून सासूबाईंचा आवाज, "अरे, पोतं आहे का मी? बी-श्याला विचार कसं धरायचं."


१६ एप्रिल, सोमवार

शू-च्वानला शिकवते आहे. कंबरेत कसं धरायचं, खुर्चीची डावी कडी आधी, रात्रीचं औषध पेजेतून. तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "वहिनी, माझी पाठ गेली." फार गोड वाटलं, हे खरं. मग वाईट वाटलं, तेही खरं.

सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ दे. पडदा ओढ. घरातले बाकीचे म्हणतात किती शांत आहेत हल्ली. मला माहीत आहे हा राग आहे. असू दे. तो त्यांचा हक्क आहे.


२१ एप्रिल, शनिवार

सकाळी देवळासमोर बस. ढोल, फटाके, धूर. देवी लाल पट्ट्यानं बांधलेली, काकांच्या छातीशी. अखेर खिडकीचीच जागा.

काकांनी माझी यादी वाचली, फाटल्या जागी अडखळत. सतरा — "बाँग-ची!" "आहे, आहे. ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे." बस हसली.

खिडकीतून माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्या देवीचा पट्टा नीट करत होत्या. बस गेली.

वाटेत एक शेजारीण म्हणाली, एवढी राबलीस आणि तूच राहिलीस! म्हटलं, घरी कोणीतरी पाहिजे ना.


२२ एप्रिल, रविवार

शुई-त्यान तराफ्यांवर. घरात कोणी नाही. पाच वाजता जाग आली, उठून त्यांच्या खोलीत गेले. पलंग रिकामा. तिथेच बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. हेच पाहिजे होतं ना? मग तिथेच आडवी झाले ती अकरा वाजता उठले. उशीला त्यांच्या तेलाचा वास.

अकरा वाजता! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

दुपारी एकच टोपली फोडली. तीही हळू.

त्यांनी पाणी प्यायलं असेल का? झोप लागली असेल का? मी त्यांना सांगितलं होतं, माहेरी एवढंच करतात. दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं.


२४ एप्रिल, मंगळवार

बेटावरून शू-च्वानचा फोन. म्हणाली, "वहिनी, आईनं देवीसमोर तुझ्यासाठी कौल लावला. खुर्चीत बसूनच. म्हणाली, आईच्या घरी एवढं चालतं. तुझं नाव, तुझी तारीख, सगळं पाठ होतं तिला. पत्ता मात्र आपल्या घरचा नाही सांगितला, कूकंगचा सांगितला. विचारलं, बी-श्याला आठ दिवस माहेरी पाठवू का?"

मग सासूबाईंनी फोन घेतला. "तीनही वेळा हो. एकदासुद्धा हसली नाही. आम्ही आलो की येत्या सोमवारी निघायचं. देवीचा शब्द आहे, माझा नाही." आणि फोन परत तिच्या हातात दिला.

शू-च्वान बाजूला गेली असावी, आवाज एकदम बारीक झाला. "तुला सांगू नको म्हणालीय. कोरी मीच उचलून देत होते ना. वहिनी, तीनही वेळा दोन्ही पालथ्या पडल्या."

देवी नाही म्हणाली. सासूबाई हो म्हणाल्या.

सोमवारी जाते आहे.